बर्गींच्या वाटेवरचा उद्ध्वस्त गड

कोलकात्याच्या गार्डन रीचमधून पहाटे निघालं, तर सकाळी दहाच्या सुमारास पंचेत डोंगराच्या पायथ्याशी पोचता येतं. तिथल्या पडक्या गडाची गोष्ट प्रत्येक मराठी माणसानं एकदा तरी ऐकावी. कारण त्या गोष्टीतले खलनायक दुसरे कोणी नाहीत, आपणच आहोत!

आपल्याकडे बाळ झोपत नसेल, तर आई त्याला बागुलबुवाची भीती घालते. बंगालमधली आई बर्गीची भीती घालते. तिथल्या घराघरांत म्हटली जाणारी एक जुनी अंगाई आहे. तीत निजलेलं बाळ आहे, पिकावर उतरणारी पाखरं आहेत, साऱ्याची चिंता आहे आणि देशावर चालून आलेले बर्गी आहेत. अडीचशेहून अधिक वर्षं झाली, राज्यं आली नि गेली, पण ही अंगाई काही थांबली नाही.

हे बर्गी कोण? शब्द मुळात आपलाच आहे. मराठ्यांच्या फौजेत दोन प्रकारचे घोडेस्वार असत. स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन येणारा तो शिलेदार आणि ज्याला घोडा नि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. या 'बारगीर'चा बंगाली जिभेवर 'बर्गी' झाला आणि बंगालमध्ये तो लुटारू या अर्थानं कायमचा रुजला.

आपल्या शाळेच्या पुस्तकात याविषयी फार तर दोन ओळी असतात. नागपूरकर भोसल्यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, चौथाई मिळवली, ओरिसा घेतला. पुढचा धडा पानिपतचा! पण ज्यांच्या गावावरून त्या स्वाऱ्या गेल्या, त्यांना त्या कशा दिसल्या, हे समजून घ्यायचं असेल, तर एक दिवस राखून ठेवावा आणि पुरुलिया जिल्ह्यातला गड पंचकोट बघून यावा.

नवाबाचं नगर, रेल्वेचं घर

सहलीची सुरुवात गार्डन रीचपासून करायची, यालाही एक कारण आहे. कोलकात्याच्या नैऋत्येला, हुगळीच्या काठावर हा भाग पसरला आहे. एका बाजूला जहाजं बांधणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला मेटियाब्रूजची शिंप्यांची गजबजलेली वस्ती. अवधचं राज्य इंग्रजांनी खालसा केल्यावर १८५६ मध्ये नवाब वाजिद अली शाह इथं आला आणि उरलेलं सारं आयुष्य त्यानं इथंच काढलं. नदीकाठी त्यानं दुसरं लखनौच वसवलं. महाल, बागा, प्राणिसंग्रहालय, मैफली, सारं काही. १८८७ मध्ये तो वारला आणि बघता बघता ते वैभवही विरून गेलं. आज त्याच्या कबरीचा सिब्तैनाबाद इमामबाडा तेवढा त्या दिवसांची साक्ष देत उभा आहे.

योगायोग असा, की त्याच १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीची स्थापना झाली. पुढं या कंपनीचं मुख्य ठाणं गार्डन रीचला आलं. नागपूरहून निघालेला तिचा लोहमार्ग १८९१ मध्ये पुरुलिया, आद्रा करत आसनसोलपर्यंत पोचला. म्हणजे नागपूरकरांची घोडदळं ज्या दिशेनं बंगालमध्ये उतरली होती, जवळजवळ त्याच दिशेनं दीडशे वर्षांनी आगगाडी आली! १९५५ पासून गार्डन रीच हे दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालय आहे. २००३ मध्ये नागपूरकडचा भाग बिलासपूरच्या नव्या विभागाकडे गेला. पण आद्रा, पुरुलिया हा मुलूख आजही गार्डन रीचच्याच अखत्यारीत आहे. रेल्वेच्या नोकरीमुळं कितीतरी मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या इथं बदलून येत राहिली. गणपती आणि हळदीकुंकू हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात, आणि दुर्गापूजा कॉलनीतल्या मांडवात, असा त्यांचा दुहेरी संसार!

यांची बदली गार्डन रीचला झाली, तेव्हा आम्हीही त्यातलेच एक झालो. शेजारच्या बौदींनी पहिल्याच आठवड्यात हसत हसत विचारलं होतं, "तुम्ही मराठी? म्हणजे बर्गीर देशेर लोक?" तेव्हा नुसतं हसून वेळ मारून नेली. पण थोरली मुलगी आठवीत. तिच्या डोक्यात तो शब्द राहिला. "आई, आपल्याला बर्गी का म्हणतात?" या प्रश्नाचं उत्तर शोधायला अखेर फाल्गुनातल्या एका रविवारी भाड्याची गाडी ठरवली. गडाजवळच्याच गावातले एक निवृत्त शिक्षक हौसेनं पाहुण्यांना गड दाखवतात, असं आद्र्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं होतं. त्यांना निरोप पाठवला आणि बेत पक्का झाला.

वर्धमानच्या वाटेवर

पहाटे चारला निघालो. खिदिरपूरवरून विद्यासागर सेतू ओलांडला, की हावडा मागे पडतं आणि डानकुनीनंतर दिल्लीकडे जाणारा महामार्ग लागतो. रविवार आणि पहाट, त्यामुळं रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना सपाट भातखाचरं, मधूनच पुकुर म्हणजे तळी, केळीची झाडं, धुक्यात बुडालेली गावं. शक्तिगढला गाडी आपोआप थांबते, असं म्हणायला हरकत नाही. कारण इथल्या दुकानांमधला ल्यांचा! लांबट, काळसर तपकिरी, पाकात मुरलेला हा गुलाबजामचा भाऊ खाल्ल्याशिवाय बंगाली माणूस पुढं जात नाही. आम्हीही गेलो नाही.

पुढचं मोठं गाव वर्धमान, म्हणजे बर्दवान. मिहिदाना आणि सीताभोग या मिठायांचं गाव. पण आपल्या गोष्टीच्या दृष्टीनं इथं थोडं थांबायला हवं.

१७४० मध्ये अलिवर्दीखान बंगालचा नवाब झाला, तो आधीच्या नवाबाला लढाईत मारून. ओरिसाचा कारभारी त्याला मानीना. त्याच्या पाडावानंतर त्याच्या पक्षातल्या लोकांनी मराठ्यांकडे धाव घेतली. नागपूरच्या रघूजी भोसल्यांना बंगालची चौथाई हवीच होती. त्यांनी आपले दिवाण भास्करराम कोल्हटकर यांना मोठं घोडदळ देऊन पाठवलं. बंगालमध्ये हेच 'भास्कर पंडित' म्हणून ओळखले जातात. पंचेतच्या डोंगराळ मुलखातून ही फौज १७४२ च्या एप्रिलमध्ये खाली उतरली आणि ओरिसाहून परतणाऱ्या अलिवर्दीला तिनं याच वर्धमानजवळ गाठलं. नवाबाची छावणी चोहोकडून वेढली गेली, रसद तुटली. कसाबसा लढत, अन्नावाचून हाल सोसत तो काटव्याला पोचला.

मीर हबीब नावाचा एक इराणी सरदार मराठ्यांना येऊन मिळाला. या मुलखाची खडान्‌खडा माहिती असलेल्या या माणसाच्या सल्ल्यानं मराठ्यांनी मे महिन्यात थेट राजधानी मुर्शिदाबादवर झेप घेतली आणि जगत्‌शेठची पेढी लुटली. पावसाळ्यापर्यंत हुगळीच्या पश्चिमेचा बराचसा बंगाल त्यांच्या टाचेखाली होता.

कोलकात्यात तर नुसता थरकाप! इंग्रजांच्या परवानगीनं रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा खणायचा होता, तीन मैल झाला आणि काम थांबलं. मराठे कोलकात्यावर कधी आलेच नाहीत. खंदक पुढं बुजवला आणि त्यावर सर्क्युलर रोड झाला. आजचे आचार्य जगदीशचंद्र बोस रोड आणि आचार्य प्रफुल्लचंद्र रोड ते हेच. उत्तर कोलकात्यात बागबाजारला 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली अजून आहे. जे मराठे आलेच नाहीत, त्यांच्या भीतीनं महानगराच्या नकाशावर उठवलेली ही रेघ आहे!

पंचेतच्या पायथ्याशी

आसनसोलच्या पुढं मुलूख पालटतो. सपाट हिरवाई संपते, कोळशाच्या खाणी आणि मातीचे ढिगारे दिसू लागतात. डिशेरगढच्या पुलावरून दामोदर ओलांडली, की आपण पुरुलिया जिल्ह्यात येतो. १९५६ पर्यंत हा भाग बिहारात होता. बंगाली भाषेसाठी इथल्या लोकांनी मोठं आंदोलन केलं आणि तो बंगालला जोडला गेला. तांबडी माती, साल आणि मोहाची झाडं आणि फाल्गुनात जिकडेतिकडे पेटलेला पळस. कोकणातून थेट विदर्भात आल्यासारखं वाटतं! आणि मग समोर येतो सुमारे २,१०० फूट उंचीचा, दाट रानानं झाकलेला पंचेत डोंगर.

मास्टरमोशाय वाट बघत उभेच होते. पांढरं धोतर, खांद्यावर पिशवी, हातात काठी. "या, या. आधी चहा," असं म्हणून त्यांनी झोपडीवजा हॉटेलात नेलं. मातीच्या भांड्यातला चहा आणि मुढी, म्हणजे कुरमुरे. चहा संपेपर्यंत त्यांनी पंचकोटच्या राजघराण्याची सारी कुळकथा सांगून टाकली. सिंहदेव आडनावाचं हे घराणं स्वतःला फार प्राचीन समजतं. मल्लभूमच्या विष्णुपूर राजांसारखंच तेही या जंगली मुलखाचं पिढीजात मालक. दिल्ली आणि मुर्शिदाबादचे हुकूम इथपर्यंत पोचता पोचता पार थकून जात!

गड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर तट, बुरूज, बालेकिल्ला उभे राहतात. इथं तसं काही शोधू नये. डोंगराची पाठ हाच इथला एक तट. उरलेल्या बाजूंना एकात एक असे मातीचे उंच बांध आणि पाण्याचे खंदक. पुरातत्त्व खात्याच्या कामासाठी फिरणारा जोसेफ बेगलर १८७२-७३ च्या सुमारास इथं आला, तेव्हा त्यानं गडाच्या दरवाजांची नोंद केली. दुआर बांध आणि खोरीबारी या दरवाजांवर त्याला जुन्या बंगाली अक्षरांतला लेख दिसला. त्यात वीर हंबीर राजाचं नाव होतं आणि काळ इसवी सन १६०० च्या आसपासचा. आज त्या दरवाजांची अवस्था केविलवाणी आहे. खंदकांची तळी झाली आहेत. त्यांत कमळं फुलतात आणि गावातली पोरं डुंबतात.

सर्वांत आधी नजर खिळते ती पंचरत्न देवळावर. पाच शिखरांचं, भाजक्या विटांचं हे देऊळ. बंगालच्या या भागात दगड कमी, म्हणून कारागिरांनी चिकणमातीलाच दगड केलं. ओल्या मातीच्या फरशांवर नक्षी कोरायची, त्या भाजायच्या आणि भिंतीवर बसवायच्या. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे देऊळ अर्धं कोसळलेलं होतं, शिखरांवर वड-पिंपळ माजले होते. आता त्याची डागडुजी झाली आहे. नवं काम जरा जास्तच नवं दिसतं, हे खरं. पण पडून गेलं असतं, त्यापेक्षा हे बरंच म्हणायचं. आसपास राणीमहालाच्या भिंती, पहारेकऱ्यांची चौकी, बांबूच्या झोपडीसारखं वाकवलेलं छप्पर असलेल्या 'जोड बांगला' धाटणीच्या देवळाचे अवशेष, सारं रानात विखुरलेलं आहे.

डोंगराच्या उतारावर दगडी रघुनाथ मंदिराचे अवशेष आहेत. वाट रानातून, दगडगोट्यांची. धाकट्याला चढताना धाप लागली, तशी मास्टरमोशायांनी त्याला पळसाच्या फुलाचा पोपट करून दिला. वर पोचल्यावर मागं वळून पाहिलं, की दूरवर पंचेत धरणाचं पाणी चमकताना दिसतं. वारा सुटलेला, खाली तांबडा पळस, आणि कुठं माणसाचा आवाज नाही. अशा ठिकाणी शिबंदी ठेवली, तर वाऱ्यालाही परवानगीशिवाय आत येता यायचं नाही, असं वाटून गेलं.

सतरा राण्यांची गोष्ट

मग हा गड पडला कसा?

मास्टरमोशाय थोडे थांबले. "गोष्ट सांगतो, पण राग मानू नका, दादा," असं ते यांच्याकडे बघून म्हणाले. गावात पिढ्यान् पिढ्या सांगतात ती गोष्ट अशी. बर्गी आले, तेव्हा पहारेकऱ्यांनी शर्थ केली. पण हल्लेखोर फार होते. पहारेकरी कापले गेले, महाल लुटला गेला. राजाला सतरा राण्या होत्या. बर्गींच्या हाती लागायचं नाही, म्हणून त्या साऱ्याजणींनी विहिरीत उड्या घेतल्या. त्यानंतर गडावर पुन्हा दिवा लागला नाही.

मुलगी गप्प झाली. आपल्या इतिहासात जोहार करणाऱ्या राण्या ऐकल्या होत्या. पण त्या गोष्टींत दाराशी आलेला शत्रू नेहमी दुसरा कोणी असे. "मास्टरमोशाय, हे खरं आहे?" तिनं विचारलं.

निवृत्त असले, तरी शिक्षक ते शिक्षकच. त्यांनी लगेच 'हो' म्हटलं नाही. "गोष्ट जुनी आहे, हे खरं. कागद मात्र नाही," ते म्हणाले.

आणि ते बरोबरच होतं. मराठी फौजा पंचेतच्या वाटेनं आल्या, हे पक्कं. १७४२ च्या सप्टेंबरात काटव्याजवळ दाईंहाट इथं भास्कररामांनी थाटामाटात दुर्गापूजा मांडली होती. नवमीच्या पहाटे अलिवर्दीनं नदी ओलांडून अचानक छापा घातला आणि पूजा अर्धवट टाकून मराठ्यांना पळावं लागलं. तेव्हाही ते पंचेतकडेच वळले, रानात वाट चुकले आणि विष्णुपूरच्या जंगलातून मेदिनीपूरकडे निघून गेले. विष्णुपूरचे लोक सांगतात, की त्यांच्या मदनमोहन देवानं स्वतः दलमादल तोफ डागून बर्गींना हाकललं. ती भलीमोठी लोखंडी तोफ आजही तिथं आहे. म्हणजे एका वर्षात ही फौज या डोंगराजवळून दोनदा तरी गेली. लूट झाली नसेल, असं कोण म्हणेल?

पण दुसरी एक परंपराही आहे. राजघराण्यातच भाऊबंदकी पेटली, आपसांत कत्तल झाली आणि वाचलेल्या वारसानं हा अपशकुनी गड सोडून राजधानी दुसरीकडे नेली, असं जुन्या नोंदींत सांगितलं आहे. पुढं राजधानी काशीपूरला गेली. तिथल्याच नीलमणी सिंहदेव राजाच्या पदरी कवी मायकेल मधुसूदन दत्त यांनी १८७२ मध्ये काही काळ नोकरी केली. या ओसाड गडानं त्यांनाही कविता लिहायला लावली.

मग सतरा राण्या बर्गींच्या नावावर का? लोकांच्या आठवणीत असंच होतं. जो सर्वांत जास्त भिववून गेला, त्याच्याच खात्यावर सगळं मांडलं जातं. पण ते खातं आधी उघडलं कोणी, हा प्रश्न उरतोच.

आपल्या वहीतलं कोरं पान

गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं त्याच काळात, १७५१ च्या सुमारास, 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. नाव वाचून कोणा मराठी माणसाला वाटेल, आपलं गुणगान असेल! सुरुवात तशीच आहे. पृथ्वीवर पाप फार वाढलं, म्हणून शंकर शाहूराजाला प्रेरणा देतो. पण पुढं बर्गी गावोगाव काय करतात, याचं वर्णन येतं आणि वाचवत नाही. जाळलेली घरं, कापलेली माणसं, पळवलेल्या बायका, पोथ्या काखोटीला मारून पळणारे पंडित, तराजू घेऊन पळणारे सोनार. शेवटी देवीच भास्कर पंडितावर रुष्ट होते. वर्धमानच्या राजाच्या पदरी असलेल्या बाणेश्वर विद्यालंकारानं १७४४ मध्ये 'चित्रचंपू' हे संस्कृत काव्य लिहिलं. शाहूराजाच्या सैन्याविषयी त्याचा निर्वाळाही असाच कडवा आहे. गरोदर बायका आणि तान्ही मुलंही त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत, असं तो म्हणतो. हे दोघं कोणी मुसलमान दरबारचे भाट नव्हते. देवाधर्माची माणसं होती.

दुसरी बाजूही पाहायला हवी. ३१ मार्च १७४४ रोजी अलिवर्दीनं तहाच्या बोलणीसाठी भास्कररामांना मानकरा इथं बोलावलं. आणाभाका झाल्या होत्या. तंबूत शिरताच दबा धरून बसलेल्या माणसांनी भास्करराम आणि त्यांच्याबरोबरच्या वीसहून अधिक सरदारांची कत्तल केली. हा सरळ सरळ विश्वासघात होता. त्याचा सूड म्हणून रघूजी पुन्हा आले, पुन्हा गावं होरपळली. त्याआधी १७४३ मध्ये तर खुद्द पेशवे बाळाजी बाजीराव नवाबाकडून बावीस लाख रुपये घेऊन रघूजींना बंगालबाहेर काढायला आले होते! मराठ्यांच्या दोन फौजा, दोघांचा बोजा एकाच रयतेवर. अखेर १७५१ मध्ये तह झाला. वर्षाला बारा लाखांची चौथाई ठरली, सुवर्णरेखा नदी ही सीमा ठरली आणि बंगाल थांबला एकदाचा श्वास घ्यायला.

खरं दुखणं आहे ते इथं. थोरल्या महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र आपल्याला पाठ असतं. रयतेला काडीचा त्रास देऊ नका, लागेल ते बाजारातून विकत घ्या, नाहीतर लोक म्हणतील याहून मोगल बरे, असा त्याचा आशय. त्या पत्राला शंभर वर्षंही झाली नव्हती, तोच त्याच झेंड्याखाली हे घडलं. शिवाजी महाराजांचा अभिमान धरायचा, तर तो त्यांच्या शिस्तीसकट धरायला हवा. ती शिस्त जिथं सुटली, तिथं काय झालं, हेही मुलांना सांगायला हवं. आपल्या वहीतलं हे पान आपण कोरं ठेवलं. बंगालनं ते अंगाईत लिहून ठेवलं.

पण गंमत बघा. हाच बंगाल विसाव्या शतकाच्या आरंभी शिवाजी महाराजांचा उत्सव करू लागला. देवघरच्या परिसरात वाढलेले सखाराम गणेश देऊस्कर घरानं मराठी, पण लिहायचे बंगालीत. त्यांचं 'देशेर कथा' हे पुस्तक इतकं गाजलं, की सरकारनं पुढं त्यावर बंदी घातली. त्यांच्याच शिवाजीविषयक पुस्तिकेच्या निमित्तानं रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. १९०६ मध्ये लोकमान्य टिळक कोलकात्याच्या शिवाजी उत्सवाला गेले, तेव्हा प्रचंड गर्दी लोटली. बर्गी विसरले गेले नव्हते. तरीही बंगालनं महाराज वेगळे आणि बर्गी वेगळे, असा निवाडा केला. एवढा मोठेपणा आपण स्वतःच्या इतिहासाशी तरी दाखवावा!

धरण, बुडालेली देवळं आणि परतीची वाट

दुपारचं जेवण मास्टरमोशायांच्या ओळखीच्या घरी झालं. भात, डाळ, आलूपोस्तो म्हणजे खसखशीतले बटाटे, आणि टोमॅटोची गोडसर चटणी. घरच्या आजीबाईंनी आम्ही कुठले म्हणून विचारलं. मुलीनंच सांगून टाकलं, "आम्ही बर्गी!" आजी क्षणभर बघत राहिल्या आणि मग तोंडाला पदर लावून खुदुखुदु हसत त्यांनी तिच्या पानात आणखी भात वाढला. म्हणाल्या, "बर्गी असशील तर एवढ्यानं भागायचं नाही!"

परतताना पंचेत धरण चुकवू नये. दामोदरवरचं हे धरण ६ डिसेंबर १९५९ रोजी सुरू झालं. पंडित नेहरूंनी कळ दाबण्याचा मान धरणावरच राबलेल्या बुधनी मेझान या संथाळ मजूर मुलीला दिला. त्या समारंभात तिनं पंडितजींना हार घातला आणि तेवढ्यावरून 'हे लग्नच झालं' म्हणत समाजानं तिला वाळीत टाकलं. २०२३ मध्ये ती वारली. याच धरणाच्या पाण्याखाली तेलकुपीची प्राचीन देवळं गेली. पाणी उतरलं, की एखादं शिखर वर डोकावतं. एकाच डोंगराभोवती किती गोष्टी, आणि प्रत्येकीत मोठ्यांच्या कारभाराचा भार लहानांवर!

उजेड असेल, तर बराकरला बेगुनियाची दगडी देवळंही बघावीत. बंगालमध्ये अजून उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या देवळांत त्यांची गणना होते. तिथून महामार्ग जवळच आहे.

जायचं असेल तर…

गार्डन रीच ते गड पंचकोट हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. गाडीनं पाच ते सहा तास लागतात. एका दिवसात परत यायचं, तर पहाटे चारला निघायलाच हवं. घरी पोचायला रात्रीचे दहा-अकरा वाजतात. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील, तर मुक्काम करावा. डोंगराच्या पायथ्याशी वनविकास महामंडळाचं निसर्ग पर्यटन केंद्र आणि काही खासगी निवासस्थानं आहेत. रेल्वेनं यायचं, तर हावड्याहून धनबादकडे जाणाऱ्या गाडीनं बराकर किंवा कुमारडुबीला, नाहीतर खरगपूर मार्गानं आद्र्याला उतरावं आणि तिथून गाडी करावी.

ऑक्टोबर ते मार्च हे दिवस उत्तम. पळस बघायचा, तर फाल्गुन. एप्रिल-मेमध्ये पुरुलियाचं ऊन विदर्भाच्या तोंडात मारील असं असतं. रानातून चढायचं असल्यानं बूट, टोपी आणि भरपूर पाणी बरोबर असावं. एकट्यानं रानात शिरू नये. स्थानिक माणूस घ्यावा आणि त्याचे पैसे आधीच ठरवून घ्यावेत. पडक्या भिंतींवर चढू नये, विहिरींच्या काठाशी मुलांना सोडू नये.

आणि एक शेवटचं. वाटाड्यानं विचारलं, "आपण कुठले?" तर लपवू नये. महाराष्ट्रातले, असं सांगावं आणि मग तो जी गोष्ट सांगेल, ती मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकावी. गडाचे दगड दाखवणारे पुष्कळ भेटतात. आपलाच चेहरा दुसऱ्याच्या डोळ्यांतून दाखवणारा गड मात्र क्वचितच बघायला मिळतो.